जुन्या बाजारपेठेचे जतन: स्वयंसेवकांनी सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

शहराच्या मध्यभागातील जुनी बाजारपेठ टिकावी म्हणून एकत्र आलेल्या आमच्या स्वयंसेवक गटापुढे एक पेच उभा आहे. गटात निवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत, दोन दुकानदार आहेत. वास्तुरचनेचे शिक्षण मात्र एकाच सदस्याचे झाले आहे. पहिल्या वर्षी आम्ही वारसाफेऱ्या काढल्या आणि रस्ता स्वच्छ केला. त्याचे कौतुकही झाले, पण इमारतींची स्थिती तसूभरही बदलली नाही.

आता गटात तीन मते आहेत. काहींना वाटते की आधी इमारतींना कायद्याचे संरक्षण मिळवावे, काहींना दर्शनी भिंती दुरुस्त करून रंगवायच्या आहेत, आणि दोघे दुकानदार म्हणतात की धंदाच उठून गेला तर या इमारती राखायच्या कोणासाठी. हात मोजके असल्यामुळे तिन्ही कामे एकदम होणार नाहीत. त्यातच एका ज्येष्ठ घरमालकांनी आम्हाला विचारले, “इमारत वारसा ठरली की उद्या माझ्या नातवाला साधी खिडकी बदलायची झाली तरी परवानगी मागावी लागेल. मग तुमच्या अर्जावर मी सही का करावी?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. या कामाचा अनुभव असणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पहिले उत्तर

तिन्ही मतांच्या आधी येणारे एक काम आहे, ते म्हणजे नोंद. दुसऱ्या महायुद्धात पोलंडची राजधानी वॉर्साचे जुने शहर जवळपास पूर्णपणे उद्ध्वस्त झाले आणि तरीही ते पुन्हा उभे राहू शकले, याचे एक मोठे कारण असे की तिथल्या पॉलिटेक्निकमधील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी युद्धापूर्वी घरोघरी जाऊन मोजमापांचे आराखडे काढले होते आणि ते आराखडे युद्धातून वाचले. १९८० मध्ये युनेस्कोने त्या पुनर्निर्मित शहराला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. आराखडे काढणाऱ्या त्या विद्यार्थ्यांना आपल्या वह्यांचा असा उपयोग होईल याची कल्पनाही नसेल.

आपल्या गटातील विद्यार्थ्यांना हे काम सहज जमेल. प्रत्येक इमारतीची दर्शनी बाजू समोरून, सरळ रेषेत, मोजपट्टी शेजारी धरून टिपावी; दारे, खिडक्या, सज्जे यांची मापे घ्यावीत; आत जाण्याची अनुमती मिळाल्यास जिना आणि छपराची रचना नोंदवावी. नगरपालिकेच्या जुन्या कर-नोंदवह्यांतून कोणत्या वर्षी कोण मालक होते आणि कोणता व्यवसाय चालत होता हे बहुधा सापडते. निवृत्त शिक्षकांनी वृद्ध रहिवाशांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि हे काम तर आजच सुरू करावे, कारण इमारत आणखी दहा वर्षे थांबेल, माणूस थांबेलच असे नाही.

संरक्षणाचा अर्ज करायचा झाला तरी हीच नोंद लागते. न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली वास्तुविशारद फलक हाती घेऊन पेन स्टेशन हे जुने रेल्वेस्थानक वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले, परंतु त्यांना आधार देणारा कायदाच नव्हता. १९६३ मध्ये पाडकाम सुरू झाले आणि शहराचा वारसा कायदा आला तो १९६५ मध्ये. त्यामुळे संकट दाराशी येण्यापूर्वी कागद तयार असणे फार मोलाचे आहे.

दुसरे उत्तर

मी चुन्याच्या बांधकामांच्या दुरुस्तीत बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून भिंती रंगवू पाहणाऱ्या सदस्यांना कळकळीने सांगतो की उत्साही हातांनी केलेली चुकीची दुरुस्ती ही दुर्लक्षापेक्षा अधिक घातक ठरते. जुन्या भाजक्या विटा तुलनेने मऊ असतात आणि त्यांच्यामधला चुना त्याहून मऊ असतो. भिंतीत शिरलेली ओल त्या चुन्यातून हळूहळू बाहेर पडते, भिंत किंचित हलली तर तो ताण चुना सोसतो, आणि झिजायचेच असेल तर सांधा झिजतो, वीट शाबूत राहते. अशा सांध्यांमध्ये सिमेंट भरले की हा क्रम उलटतो. ओल विटेतून वाट काढू लागते, तिच्याबरोबरचे क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात, भिंतीला लोणा लागतो आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंटचा सांधा मात्र धडधाकट दिसत असतो, म्हणून पाहणाऱ्याला वाटते की वीटच निकृष्ट होती. मी एका इमारतीचा संपूर्ण दर्शनी भाग असा गेलेला पाहिला आहे. ती दुरुस्ती करणाऱ्या गटाचा हेतू अगदी निर्मळ होता.

ओल अडवणारा प्लास्टिकसारखा रंगही हाच घात करतो. भिंत स्वच्छ करण्यासाठी वाळूचा फवारा तर कधीच मारू नये, कारण भट्टीत तयार झालेली विटेची कठीण साल त्याने निघून जाते आणि ती परत आणता येत नाही.

मग स्वयंसेवकांनी काय करावे? पन्हळी साफ कराव्यात. निखळलेले कौल, तुंबलेला नळ, भिंतीच्या फटीत रुजलेले पिंपळाचे रोप यांची पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाहणी करून मालकाला कळवावे. १८७७ मध्ये लेखक व रचनाकार विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांचा रोख खरवडून नवे करणाऱ्या जीर्णोद्धारावर होता आणि आग्रह नित्य निगराणीचा होता. त्या निगराणीची जागा घेईल असे काही मला इतक्या वर्षांत सापडलेले नाही. सांधे भरण्याचे काम मात्र चुना जाणणाऱ्या गवंड्याकडूनच करून घ्यावे, आणि आधी एका कोपऱ्यात हातभर नमुना करून तो वाळू द्यावा.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, तथापि दुकानदार सदस्यांचे म्हणणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरात १९५४ साली जुनी मंडई पाडून तिथे वाहनतळ बांधला गेला. त्यानंतर डेव्हनपोर्ट हाऊस हे घर पाडले जाणार अशी चिन्हे दिसताच सात स्त्रियांनी पुढाकार घेऊन १९५५ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन केले आणि ते घर २२,५०० डॉलरना विकत घेतले. पुढे त्यांनी जी पद्धत अवलंबली ती अभ्यासण्याजोगी आहे. धोक्यात आलेली इमारत घ्यायची, ती पाडता येणार नाही अशी अट खरेदीखतातच घालून दुरुस्ती करू इच्छिणाऱ्याला विकायची, आणि आलेल्या पैशातून पुढची इमारत घ्यायची. या फिरत्या निधीतून त्या शहरात शेकडो इमारती वाचल्या. मंडईच्या जागेवरचा वाहनतळही अखेर पाडला गेला आणि २०१० मध्ये तिथला चौक पुन्हा लोकांसाठी खुला झाला.

आपल्या गटाकडे इमारत घेण्याइतका पैसा नसेल. त्यासाठी दुसरे उदाहरण पाहावे. अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्स या तीन लहान शहरांत एक प्रयोग केला, ज्यातून १९८० मध्ये ‘मेन स्ट्रीट’ नावाचा देशव्यापी कार्यक्रम उभा राहिला. संघटन, प्रसार, इमारतींचे रूप आणि व्यापाराची घडी या चारही बाजूंवर एकाच वेळी काम झाले तरच पेठ सावरते, हे त्याचे सूत्र होते. वरच्या मजल्यावरच्या बंद खोल्या हा त्यातला कळीचा भाग आहे, असे मला वाटते. खाली दुकान चालू आणि वर वर्षानुवर्षे कुलूप, अशा इमारतीचे छप्पर गळू लागल्याचे कोणालाच कळत नाही. वर कोणी राहायला आले की तेच छप्पर वेळेवर दुरुस्त होते.

घरमालकांच्या प्रश्नाला टाळाटाळ न करता उत्तर द्यावे. निर्बंध कोणते येतात हे कोणत्या कायद्याखाली नोंद होते यावर अवलंबून असते. अमेरिकेतच पाहायचे तर ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव लागल्याने स्वतःच्या पैशाने बदल करणाऱ्या मालकावर बंधन येत नाही, पण शहराच्या स्थानिक नियमांनी ते येऊ शकते. आपल्याकडे लागू असलेला नियम मिळवून त्यातली खिडकीविषयीची तरतूद त्यांना वाचून दाखवावी. परवानगी लागत असेल तर लागते असेच सांगावे, आणि तो अर्ज आमचा गट लिहून देईल, असे वचन द्यावे.

चौथे उत्तर

एका गोष्टीकडे अद्याप कोणी लक्ष वेधलेले नाही, ती म्हणजे भाडेकरू. मलेशियातील जॉर्जटाउनच्या जुन्या पेठेत दुकान खाली आणि घर वर अशी हजारो कुटुंबे नियंत्रित भाड्यावर राहत होती. तो भाडेनियंत्रण कायदा रद्द झाला, २००० च्या आरंभापासून भाडी खुली झाली आणि अनेक जुने रहिवासी व कारागीर बाहेर पडले. २००८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा इमारती होत्या, पण त्यांना अर्थ देणारी बरीच माणसे गेलेली होती. म्हणून आधीच्या उत्तरातील व्यापारवाढीचा मुद्दा मी सावधपणे घेतो. वाढीव भाडे परवडणारा नवा दुकानदार आला म्हणजे पेठ वाचली, असे मी मानणार नाही.

याउलट जपानमधील त्सुमागो या जुन्या मुक्कामाच्या गावी रहिवाशांनी स्वतःच संघटना उभारली आणि १९७१ मध्ये सनद केली: विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. बाजारपेठेला, जिथे भाड्याची देवघेव असणारच, ही सनद जशीच्या तशी लागू पडणार नाही. परंतु नियम राहणाऱ्यांनी केले आणि म्हणून ते पाळले गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. माझ्या मते आपल्या गटात मालकांइतकेच भाडेकरू असावेत आणि अर्जाचा मसुदा लिहिण्याआधी ते बैठकीत बसलेले असावेत.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल गटाची बैठक झाली. रंगकामासाठी जमवलेली वर्गणी देणाऱ्यांच्या संमतीने पन्हळींच्या दुरुस्तीकडे वळवायची, असे ठरले आहे. विद्यार्थी येत्या रविवारपासून मोजमापे घेऊ लागतील आणि त्या वेळी वरच्या मजल्यावर कोण राहते, किती खोल्या बंद आहेत, हेही नोंदवतील. भाडेकरूंना आम्ही आजवर एकदाही बोलावले नव्हते, ही आमची चूक होती. त्यांच्यासाठी वेगळी बैठक दुकाने बंद झाल्यानंतरच्या वेळी ठेवली आहे. ज्येष्ठ घरमालकांकडे नियमांची प्रत घेऊन गेलो असता त्यांनी ती संपूर्ण वाचली. सही अजून केलेली नाही, पण माळ्यावरच्या जुन्या पेटीत इमारतीचा मूळ नकाशा असावा असे म्हणून, तो शोधायला दोन मुले पाठवण्यास सांगितले आहे.