५ मायक्रॉनचं कोटिंग, १० मिमीचा ब्लॉक: थर्मल स्ट्रेस काहीच्या काही येतोय

अर्धवट_मेश

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून विचारतोय. ४० बाय ४० बाय १० मिमीचा स्टीलचा ब्लॉक आहे, वर ५ मायक्रॉन टायटॅनियम नायट्राइड. ५०० डिग्रीला कोटिंग होतं आणि मग २५ ला थंड, एवढंच फायनाइट एलिमेंटमध्ये (वस्तूचे बारीक तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून स्ट्रेस काढायची कॉम्प्युटर पद्धत) मॉडेल करायचंय. कोटिंगलाही सॉलिड एलिमेंट दिले, ॲस्पेक्ट रेशोच्या (एलिमेंटची लांबी भागिले जाडी) वॉर्निंग नकोत म्हणून मेश (एलिमेंटची जाळी) बारीक करत गेलो तर एलिमेंट ४० लाखांच्या पुढे गेले आणि रात्रभर रन चालूनही सकाळी मेमरी संपली म्हणून बंद पडलेला. शेवटी जरा जाड मेशवर चालवलं तर मध्यभागी कोटिंगमध्ये स्ट्रेस चक्क टेन्साइल (ताणाचा) आला, तोही जीपीएमध्ये (१ जीपीए म्हणजे १००० एमपीए), आणि सगळीकडे तर वाचलंय की स्टीलवर हे कोटिंग कॉम्प्रेशनमध्ये (दाबाखाली) असतं. खालचा फेस फिक्स केलाय, बाकी सगळं मोकळं.

वेगळं टूडी प्लेन स्ट्रेन मॉडेल (नुसता एक छेद, त्याला काटकोनातली हालचाल शून्य धरून) पण केलं कडेचं बघायला. तिथे कोटिंग जिथे संपतं त्या कोपऱ्यात इंटरफेसवरचा पील स्ट्रेस (कोटिंग उचकटायला बघणारा) मेश निम्मी केली की वाढतोच: ६२०, मग ८५५, मग ११८० एमपीए. कुठे थांबायचं? पुढे याच ब्लॉकचं क्वेंचिंगही (गरम ब्लॉक झटक्यात थंड करणं) करायचंय.

जुना_सॉल्व्हर

मेश बाजूला ठेव आधी. कागदावर एक ओळ कर. पातळ थर जाड सब्स्ट्रेटवर (खालच्या ब्लॉकवर) असला की थरातला स्ट्रेस म्हणजे ई भागिले (१ उणे न्यू), गुणिले अल्फाचा फरक, गुणिले तापमानाचा फरक. ई म्हणजे थराचा यंग्स मॉड्युलस (कडकपणा), न्यू म्हणजे त्याचा पॉइसाँ रेशो, अल्फा म्हणजे तापमानाने प्रसरण पावण्याचा गुणांक. ई ४५० जीपीए, न्यू ०.२५ धर, अल्फा स्टीलचा १२ आणि नायट्राइडचा ९.४, दोन्ही दहाचा उणे सहावा घात, तापमान फरक ४७५. येतात साधारण ७४० एमपीए, आणि स्टील जास्त आकसतं म्हणून कॉम्प्रेसिव्ह. मध्यभागी हाच आकडा यायला हवा, कडेपासून जाडीच्या काही पट आत गेलं की कुठेही.

आता चिन्ह का उलटं आलं ते. तू खालचा फेस फिक्स केलास म्हणजे स्टीलला आकसूच दिलं नाहीस, मग बिचारं कोटिंग एकटंच आकसायला बघणार आणि ताणलं जाणार, दुसरं काय होणार. खाली फक्त तीन पॉइंट धर, एकाला तिन्ही दिशा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, म्हणजे बॉडी हलत नाही पण आकसायला मोकळी राहते. आणि माझी एक सवय सांगतो, कोटिंगला मुद्दाम स्टीलचाच अल्फा देऊन एकदा रन कर. सगळीकडे स्ट्रेस शून्य यायला हवा. नाही आला तर चूक मटेरियलमध्ये नाही, तुझ्या कन्स्ट्रेंटमध्ये (ब्लॉक जिथे धरलाय तिथे) किंवा रेफरन्स टेम्परेचरमध्ये (स्ट्रेस शून्य धरलेलं तापमान) आहे. या टेस्टला पाच मिनिटं लागतात, मी एका प्रोजेक्टला ती न केल्यामुळे तीन आठवडे घालवलेत.

कडेचा_माणूस

वरच्याशी सहमत, फक्त प्लेन स्ट्रेनचं राहिलं. त्यात झेड दिशेने आकसायला बंदी असते म्हणजे तोच फिक्स्ड फेस मागच्या दाराने परत आला. जनरलाइज्ड प्लेन स्ट्रेन घे, त्यात अख्खा छेद झेड दिशेने आकसू शकतो.

आणि कोपऱ्याचं म्हणशील तर तुझे आकडे भागून बघ, ८५५ भागिले ६२० आणि ११८० भागिले ८५५, दोन्ही वेळा १.३८. दर वेळी तोच पट येतो याचा अर्थ ती सिंग्युलॅरिटी (गणितात स्ट्रेस अनंताकडे जातो असा बिंदू) आहे, कन्व्हर्ज होणारच नाही, म्हणजे एका आकड्यावर स्थिरावणारच नाही, जन्मभर मेश निम्मी करत बस. विल्यम्सने १९५२ मध्ये दाखवलंय की एकाच मटेरियलच्या २७० अंशाच्या कोपऱ्यात स्ट्रेस अंतराच्या उणे ०.४५५ घाताने वाढतो, म्हणजे मेश निम्मी केली की १.३७ पट. तुझी दोन मटेरियल आहेत म्हणून घात थोडा वेगळा, पण जवळपास तेच आलंय बघ. कन्स्ट्रेंट सुधारलेस की आकडे बदलतील, पट तोच राहील. तिथला पीक स्ट्रेस रिपोर्टमध्ये टाकू नकोस.

सुटेल का हे विचारायचं असेल तर एनर्जी बघ. कडेवरून सुटताना एनर्जी रिलीज रेट (सुटलेल्या क्षेत्रफळामागे मोकळी होणारी ऊर्जा) म्हणजे (१ उणे न्यूचा वर्ग) गुणिले स्ट्रेसचा वर्ग गुणिले जाडी भागिले दोन ई. तुझ्या केसला चौरस मीटरला जेमतेम ३ जूल. जाडी दुप्पट केली तर दुप्पट, स्ट्रेस दुप्पट केला तर चौपट.

स्किनवाला

पण तो ३ जूल फक्त थर्मलचा झाला ना. पीव्हीडीमध्ये (व्हॅक्यूममध्ये वाफेतून कोटिंग बसवायची पद्धत) आयन आदळून जो इन्ट्रिन्सिक स्ट्रेस बसतो तो थर्मलपेक्षा बऱ्याचदा मोठा असतो. एकूण ३ जीपीए धरला तर तेच गणित ४७ जूलवर जातं. अर्धा मिमीच्या पट्टीवर एका बाजूला कोटिंग करून वाक मोजा, स्टोनीचं १९०९ चं सूत्र (वाकेवरून थरातला स्ट्रेस काढायचं) लावा, खरा एकूण स्ट्रेस कळेल. नुसत्या ७४० एमपीएला ५० मिमी लांब पट्टी मध्ये साधारण ०.०९ मिमी वाकते, मोजता येतं. १० मिमीच्या ब्लॉकवर वाक शोधू नका, त्रिज्या सव्वा किलोमीटरच्या वर जाते.

थ्रीडीला सॉलिड कोटिंग कशाला हवंय? स्टीलच्या वरच्या फेसच्याच नोडवर (एलिमेंट जोडणारे बिंदू) मेम्ब्रेन किंवा शेल एलिमेंट (जाडी नुसत्या आकड्यात दिलेले पातळ) बसवा, अबॅकस सॉफ्टवेअरमध्ये स्किन, अॅन्सिसमध्ये शेल १८१ मेम्ब्रेन ऑप्शनने. खाली मिडसाइड नोडवाले (कडांच्या मध्यावरही नोड असलेले) सॉलिड असतील तर वरही आठ नोडवालेच एलिमेंट लागतात, नाहीतर मधले नोड लोंबकळत राहतात. पील स्ट्रेस यातून मिळणार नाही, त्याला टूडीच. आणि ॲस्पेक्ट रेशोला एवढं घाबरू नका, मध्यभागी स्ट्रेस सपाट असतो तिथे ५० चा रेशोही चालतो, कडेला मात्र १ च्या आसपास ठेवा.

क्वेंचिंगला कोटिंगचा थर्मल रेझिस्टन्स विसरा. कंडक्टिव्हिटी २० धरली तर १० मेगावॉट प्रति चौरस मीटर उष्णता वाहिली तरी आरपार फरक अडीच डिग्री. झिर्कोनियाचं (उष्णता अडवणारं सिरॅमिक) २५० मायक्रॉनचं कोटिंग असतं तर १ मेगावॉटलाच २५० डिग्री पडले असते, तिथे मेश करावीच लागते. हां, टाइम स्टेप फार बारीक घेऊ नका, ०.५ मिमीच्या स्टील एलिमेंटला ५ मिलिसेकंदाच्या खाली गेलात तर तापमान उगाच वरखाली उड्या मारतं. आधी मेश, मग स्टेप.

अर्धवट_मेश

शून्य टेस्ट केली. सपशेल नापास, म्हणजे इतके दिवस मी फिक्स्ड फेसचाच स्ट्रेस बघत होतो. तीन पॉइंट धरून आणि स्किन घेऊन परत चालवलं, मध्यभागी उणे ७३८, रन ४ मिनिटांत संपला. कोपऱ्याचा लाल डाग मात्र साहेबांना प्लॉटमध्ये हवाच आहे म्हणे, छान दिसतो.

कडेचा_माणूस

दे त्यांना, फक्त कलर बारची वरची मर्यादा तू ठरव.