महागाई उतरली, तरी श्रीलंकेतली गरिबी 2023मध्ये का उतरली नाही?

रोहिणी_एमए:
सप्टेंबर 2022मध्ये कोलंबोच्या ग्राहक भाव निर्देशांकानुसार महागाईचा दर 69.8 टक्के होता, वर्षभरात तो 1.3वर आला. पण जागतिक बँकेच्या अंदाजात गरिबी 2021मधल्या 13.1 टक्क्यांवरून 2022मध्ये 25वर गेली, 2023मध्ये 25.9. हे जुळवायचं कसं? घरांच्या सर्वेक्षणासाठी तक्ता करतेय, त्यात काय विचारू?

ताळेबंद:
दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नाही. भाव चढायचे थांबले, एवढंच. मजुरी मात्र जिथल्या तिथे. चहामळ्याचं गणित मांडून बघा. 2021मध्ये रोज 1,000 श्रीलंकन रुपये ठरला, तो 2024पर्यंत तसाच. 25 दिवस भरले तर 25,000, त्यातून भविष्य निर्वाह निधीचे 8 टक्के कापून 23,000. पानांचे ठरलेले किलो भरले नाहीत तर तेवढेही नाहीत.
2019ची सरकारी दारिद्र्यरेषा माणशी महिना 6,966, चौघांना 27,864. दोघं कमावती असली की पुरून उरायचं. 2022च्या अखेरीस तीच रेषा माणशी 13,000च्या पुढे, म्हणजे चौघांना 52,000हून जास्त. दोघांचे मिळून हातात 46,000. एकही खाडा न करता घर रेषेखाली!

सर्वेवाला:
त्यात नुसता खर्च मोजलात तर फसाल. सोनं गहाण टाकून तांदूळ आणणाऱ्या घराचा खर्च ठीकच दिसतो. मागच्या 30 दिवसांचं वेगळं विचारा: वाण्याकडे उधारी, दागिना गहाण, मुलाची शाळा बंद, शिलाई मशीन किंवा मासेमारीची जाळी विकली का. उधारी फिटते, अवजार गेलं की कमाईच गेली. गहाणाची तारीखही लिहून घ्या. एप्रिल 2022मध्ये मध्यवर्ती बँकेनं ठेवींचा धोरणदर (बँकांनी तिच्याकडे ठेवलेल्या पैशावरचं व्याज) 6.50वरून थेट 13.50 टक्के केला, त्यानंतर कर्जांचं व्याज कडाडलं.

रोहिणी_एमए:
आणि ‘अस्वेसुमा’ या सरकारी मदत योजनेचे पैसे?

ताळेबंद:
जुलै 2023पासून आहेत. सुरुवातीला अतिगरीब घराला महिना 15,000 होते, गरिबाला 8,500. पण निवड 22 निकषांवर, त्यात घर, वाहन, वीजवापर. नव्यानं घसरलेल्याकडे पक्कं घर आणि तीनचाकी असते, नसतं ते काम. कागदावर तो सुस्थितीतला. तुमच्या तक्त्यात ‘2022च्या आर्थिक संकटाआधीची कमाई’ हा रकाना नसेल तर ही घरं सापडायचीच नाहीत.