डोळस परुशी आंधळे कसे?

डिचोलीकर: म्हापशात मित्राच्या आईने आदोळीवर (विळीवर) बांगडे कापता कापता बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 9वा अध्याय सांगितला. जन्मांध माणूस शिलोहाच्या तळ्यात डोळे धुतो, त्याला दिसू लागतं. पण शेवटी येशू डोळस परुश्यांनाच, म्हणजे कर्मठ यहूदी पंथातल्या लोकांना, धारेवर धरतो! आम्ही विठ्ठलवाले, म्हणून विचारतो.

मडगावकर: 41वं वचन बघ. ‘आम्हाला दिसतं’ हा तोरा, तेच पाप. जुना ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन तर म्हणतो, तो आंधळा म्हणजे अख्खी मानवजात.

फोंड्याची: मला मार्कच्या शुभवर्तमानाचा 8वा अध्याय जास्त भावतो. बेथसैदा गावच्या आंधळ्याला आधी माणसं झाडांसारखी दिसतात, येशूच्या दुसऱ्या स्पर्शाने स्पष्ट. लगेच पुढे येशूचा शिष्य पेत्र त्याला ख्रिस्त म्हणून ओळखतो, पण येशूला मरावं लागणार हे ऐकून बिथरतो. अर्धवटच दिसलं ना!

डिचोलीकर: पेत्राचं पटलं. पण मुलाला कसं दिसू लागलं हे विचारल्यावर त्या जन्मांधाचे आईबाप का हात झटकतात?

मडगावकर: सभास्थानातून, म्हणजे यहूदी प्रार्थनास्थळातून, बाहेर काढतील म्हणून. 22वं वचन.