ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखी मलई, हेड गॅसकेट गेलं काय?

धामणगाववाला:
भाऊ लोकहो, पेट्रोल गाडी आहे, 2014 ची. काल ऑइल टाकायचं झाकण खोललं तर आतून पिवळट मलईच मलई. मेकॅनिक म्हणते हेड गॅसकेट (इंजिन थंड ठेवणारं पाणी अन ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेलं, इंजिन खोला लागते. इकडं कापूस वेचणी सुरू, मजुरीलेच पैसे पुरत नाहीत, हा खर्च कुठून काढू? गाडी तशी ओक्के चालते, घर ते वावर 3 किलोमीटर, दिवसाच्या दोनचार खेपा.

वावरातला:
थांब ना बे, खोलू नको. डिपस्टिक, ऑइल मोजायची पट्टी, पायली काय? तिच्यावर ऑइल साफ असन अन मलई फक्त झाकणाले, तर ही थंडीची भानगड आहे. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते, थोडी पिस्टनच्या बाजूनं खाली उतरते, अन 3 किलोमीटरमधे ऑइल गरमच होत नाही तर ती जाईन कुठं, गार झाकणाखाली पाणी होऊन बसते अन ऑइलसंगं घुसळल्या जाते, ताकावर लोणी येते तसं. झाकण पूस, अमरावतीले एक चक्कर मार, मंग पाय.

दारव्ह्याचा:
बरोबर आहे पण कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली पाय भाऊ, इंजिन थंड असतानाच. माझी आठ दिवसात खाली होत होती, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरातून पांढरा धूर, डिपस्टिकवर पूर्ण कॉफी. चालून राहिली ना म्हणून महिनाभर चालवली मी येड्यानं! ऑइलात पाणी आलं की बेअरिंगवर ऑइलचा थर टिकत नाही. ऑइल काढलं तर उन्हात चांदीवानी चमकत होतं, बेअरिंगचा चुरा. गॅसकेटचं काम क्रँकवर, इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, गेलं.

गॅरेजवाला पोरगा:
डिपस्टिकवरचा थेंब गरम तव्यावर टाका, चरचर फुटला तर पाणी आहे. झाकणावरचा नका घेऊ, तो फुटनच. अन पोळीचा तवा नका घेऊ राजेहो.

नवीन मेंबर:
माह्या डिझेलचं ऑइल बदलून 500 किलोमीटर झाले, काळंशार पडलं. फसवलं काय?

गॅरेजवाला पोरगा:
नाही हो, डिझेलची काजळी आहे. काळं चालते, पांढरं नाही.

धामणगाववाला:
डिपस्टिक साफ, कूलंट जिथल्या तिथं, थेंब चूपचाप. अमरावतीले जाऊन आलो, दहा दिवसांनी झाकणाले बारीकसा थर परत, पयल्यावानी नाही. आता वावरात सायकलनं जातो, गाडी बाजाराच्या दिवशी. बायको तवा शोधून राहिली.