बँकेने टॉप-अप नाकारलं: सोसायटीच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

ए-४०२: नमस्कार मंडळी. विषय थोडा खासगी आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. चालू होम लोनवर घराच्या कामासाठी १२ लाखांचं टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, मागितलं होतं. दोन्ही बाथरूम, ओटा, सगळं वायरिंग, खिडक्या आणि बेडरूमच्या छताची ओल. काल एसएमएस आला, ‘आपला अर्ज आमच्या अंतर्गत निकषांत बसत नाही.’ आजवर एक हप्ता चुकलेला नाही. शाखेत विचारलं तर म्हणे, ‘मॅडम, सिस्टीमच घेत नाहीये.’ आता काय करायचं?

बी-२०५: आज पाणी किती वाजेपर्यंत?

सी-३०४: ताई, टेन्शन नका घेऊ. अ‍ॅपवर पर्सनल लोन दोन मिनिटांत मिळतं. लिंक पाठवू?

बी-१०१: लिंक राहू दे रे बाबा. मी आयुष्यभर बँकेच्या कर्ज विभागात काढलंय, आधी तिचं ऐकू. अगं, नकाराचं कारण लेखी मागितलंस का?

ए-४०२: नाही काका. ते देतात का?

बी-१०१: द्यावंच लागतं. रिझर्व्ह बँकेच्या फेअर प्रॅक्टिसेस कोडमध्ये, म्हणजे कर्ज देणाऱ्यांसाठीच्या नियमावलीत आहे, कर्ज कुठलंही असो, रक्कम कितीही असो, नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवायचं. ‘सिस्टीम घेत नाही’ हे कारण नव्हे. आज शाखा व्यवस्थापकाला ईमेल टाक, दोन ओळी पुरेत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. पण एक लक्षात ठेव, लोकपाल कारण द्यायला लावेल, कर्ज द्यायला लावणार नाही. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात ते पडत नाहीत.

ए-४०२: एजंट म्हणतोय, आणखी तीन बँकांत एकदम अर्ज टाकू, कुठेतरी लागेल.

बी-१०१: अजिबात नको! प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदीवर, चढते. लागोपाठ चार चौकश्या दिसल्या की पुढच्याला वाटतं, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. एजंटचं काय जातंय? आधी स्वतःचा रिपोर्ट काढ. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही.

सी-२०३: हे खरंय. आमच्या ह्यांच्या रिपोर्टवर केव्हाच बंद केलेलं क्रेडिट कार्ड चालू दिसत होतं. तक्रार टाकली, दुरुस्त झालं. ३० दिवसांत दुरुस्त केलं नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई असते, २०२४ पासून.

बी-१०१: बरोबर. आता आकडे सांग. इथे नको वाटत असतील तर मला वेगळं पाठव.

ए-४०२: लपवण्यासारखं काही नाही काका. २०२१ मध्ये घर ६२ लाखांना घेतलं, ४६ लाखांचं कर्ज, १५ वर्षांसाठी. आता ४१ शिल्लक. हप्ता ४१,०००, गाडीचा ११,०००. ह्यांच्या हातात ९५,००० येतात. माझं शिकवणीचं उत्पन्न आहे, पण आयकर रिटर्न एकाच वर्षाचं भरलंय.

डी-४०१: २०२१ पासून भरताय आणि अजून ४१???

बी-१०१: ती व्याजदराची करामत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. बँकांनी बहुतेकांचा हप्ता वाढवला नाही, मुदत लांबवली. हप्ता तोच दिसतो म्हणून लोक खूश. पण त्यातलं व्याज फुगलं, मुद्दल मुंगीच्या पावलाने कमी झालं. ताई, स्टेटमेंटवर बघ, साडेचौदा वर्षं तरी अजून बाकी असतील.

ए-४०२: बघितलं. १४ वर्षं ७ महिने. म्हणजे पंधरातली इतकी वर्षं भरून आम्ही जवळपास तिथेच???

बी-१०१: जवळपास तिथेच. म्हणून टॉप-अपला जागा तयारच झाली नाही. व्हॅल्युएशन, म्हणजे घराची किंमत, किती धरलं त्यांनी?

ए-४०२: शाखेतला मुलगा ६० म्हणाला.

डी-४०१: ६०??? आपल्या बिल्डिंगचा फ्लॅट ६०? बी विंगचा मागच्या दिवाळीत ७८ ला गेला!

बी-२०४: ७८ सांगितले होते. गेला कितीला ते घेणाऱ्यालाच माहीत.

बी-१०१: दलालाचा भाव वेगळा, बँकेचा व्हॅल्युअर बिल्डिंगचं वय बघून वेगळा भाव काढतो. आता गणित बघा. गृहकर्ज ३० ते ७५ लाखांत असेल तर किमतीच्या ८० टक्क्यांच्या वर जाता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. ७५ च्या वर ७५ टक्के, ३० पर्यंत ९०. टॉप-अप वेगळं कर्ज वाटलं तरी जुनं शिल्लक आणि नवं मिळूनच मोजतात. ६० चे ८० टक्के ४८. त्यातून ४१ गेले, उरले ७. तू मागितलेस १२.

सी-३०४: मग ७ तरी द्यायचे ना. सरळ नाही कशाला?

बी-१०१: कारण दुसरी चाळणी हप्त्यांची. ४१ आणि ११ मिळून ५२,०००, ९५ मधले. निम्म्याच्या वर आधीच गेले. बँकेगणिक फरक पडतो, पण साधारण निम्म्याच्या आसपास हात आखडतात. त्यात ऑगस्ट २०२४ च्या पतधोरणाच्या भाषणात गव्हर्नरांनी टॉप-अपचं नाव घेऊन बोट ठेवलं होतं, काही संस्था मर्यादा पाळत नाहीत आणि पैसा कुठे जातो ते बघत नाहीत म्हणून. माझा अंदाज, तेव्हापासून शाखावाले नसती जोखीम घेत नाहीत.

ए-४०२: काका, आणखी एक. ह्यांनी माझ्या भावाच्या टेम्पोच्या कर्जाला सही केलीय. त्याचे हप्ते मागेपुढे होतात. ते येतं का ह्यात?

बी-१०१: जामीन आहे ना? येतं. जामीनदाराच्या रिपोर्टवर ते कर्ज दिसतं आणि भावाने हप्ता उशिरा भरला की डाग इकडेही पडतो.

डी-४०१: मेव्हण्याचा टेम्पो 😂 घरोघरी मातीच्या चुली.

ए-४०२: हसू नका, आज रात्री घरात ह्याच विषयावर जेवण होणार आहे.

सी-३०४: म्हणून म्हणतो, अ‍ॅप.

सी-२०३: अरे, अ‍ॅपवाल्याचं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, उघडून वार्षिक खर्चाचा टक्का वाच आधी. तो कागद द्यावाच लागतो. प्रोसेसिंग फी, विमा सगळं धरून आकडा येतो, मग दोन मिनिटं आठवतात. ताई, आम्ही कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं आणि तिथे टॉप-अप घेतलं. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर आधी फेडल्याचा दंड लागत नाही. पण नवी बँकही व्हॅल्युएशन करणार, तुमचं ६० आलं तर तिथेही तेच.

सेक्रेटरी: उशिरा बघतोय. वहिनी, तो व्हॅल्युअर आला तेव्हा मी होतो. गेटवर त्याने वॉचमनला विचारलं, ‘बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार का?’ वॉचमन म्हणाला, ‘हो साहेब, बिल्डर बघून गेला.’ त्याने तिथेच वहीत लिहिलं. बँक त्यानेही बिचकली असेल.

डी-४०१: घ्या! वॉचमनने ठराव पास केला.

सेक्रेटरी: बिल्डर कुठला, तो आपला लिफ्टवाला होता. सभेत नुसती चर्चा झालीय, ठराव नाही, नेमणूक नाही. तसं पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर देतो, बँकेच्या ईमेलला जोडा.

बी-२०४: पण खरंच जाणार असेल तर १२ लाख घालायचेच कशाला?

सेक्रेटरी: ते मी आज सांगू शकत नाही. झालं तरी सभा, सल्लागार, निविदा, करार, वर्षं जातात.

बी-१०१: मग मी म्हणतो यादीच फोडू. वायरिंग थांबू शकत नाही, तो जिवाचा प्रश्न. एक बाथरूम, ज्याचं पाणी खाली ३०२ मध्ये झिरपतंय, ते करावंच लागेल, तो तुझाच खर्च. ओटा आणि खिडक्या थांबू शकतात. आणि छताची ओल तुझ्या यादीत आहेच कशाला? तू वरच्या मजल्यावर, वर गच्ची.

ए-४०२: कंत्राटदाराने धरलंय, २ लाख १० हजार. छताला आतून कोटिंग आणि पीओपी.

बी-१०१: गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी हे आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीचं काम. आतून कोटिंग मारलंस तर पाणी थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. पुढच्या पावसात पीओपीसकट खाली. सेक्रेटरीसाहेब?

सेक्रेटरी: मान्य. पण फंडात किती आहे ते खजिनदारांना विचारावं लागेल.

खजिनदार: दुरुस्ती निधी आहे. ज्यांची थकबाकी आहे त्यांनी भरली तर जास्त असेल. नावं घेत नाही.

बी-२०५: पाणी???

सेक्रेटरी: ९ पर्यंत.

ए-४०२: म्हणजे मागायचं किती काका?

बी-१०१: गाडीचं कर्ज कधी संपतं?

ए-४०२: मार्चमध्ये.

बी-१०१: मग मार्चनंतर अर्ज कर, ५ लाखांचा. पंधरा वर्षांसाठी ९ टक्क्यांनी धरलं तरी हप्ता ५,१०० च्या आत. ४१ आणि ५, म्हणजे ४६,०००, निम्म्याच्या आत बसलात. ४६ लाखांचं कर्ज ६० च्या घरावर, तिथेही बसलात. तोवर तुझं दुसरं रिटर्न भर आणि सहअर्जदार हो. भावाला सांग, टेम्पोचा हप्ता तारखेला जायला पाहिजे. कंत्राटदाराकडून वायरिंग आणि बाथरूमचं वेगळं एस्टिमेट घे, सहीशिक्क्याचं. ‘घराचं काम १२ लाख’ अशा चिठ्ठीवर मीही पैसे दिले नसते.

सी-२०३: आणि मुदत पंधरा वर्षं घेतलीत तरी जमेल तेव्हा मुद्दलात भरत राहा. नळ पाच वर्षांत गळायला लागतात, त्यांचे हप्ते पंधरा वर्षं कोण भरणार?

ए-४०२: ईमेल आत्ता पाठवलं. सेक्रेटरी, पत्र आणि गच्ची दोन्हीचं बघा.

सेक्रेटरी: गच्ची रविवारच्या कमिटी मीटिंगमध्ये पहिला विषय. ओल आलेल्यांनी फोटो मला वेगळे पाठवा, ग्रुपवर नको. आणि वहिनी, मार्चनंतर काम काढाल तेव्हा आधी अर्ज द्या. दुपारी २ ते ४ तोडफोड बंद, रॅबिट लिफ्टमधून न्यायचं नाही.

डी-४०१: रॅबिट? 🐰

सेक्रेटरी: राबिट. डेब्रिज. मोबाइल स्वतःच्या मनाने टाइप करतो.