आईच्या एचआरसीटीत (फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (फुफ्फुसांची ॲलर्जीसारखी सूज) आलंय, कबुतरांमुळे म्हणतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज वेळ काढून वाचा.

आई 61 वर्षांची, आम्ही कोथरूडला राहतो. गेल्या पावसाळ्यापासून तिला कोरडा खोकला आणि जिना चढताना दम. आधी दमा समजून पंप दिला, मग अँटिबायोटिक, मग दुसरा पंप, फरक काहीच नाही. मधे ती वाईला मावशीकडे राहून आली तेव्हा खोकला जवळपास गेला आणि घरी आल्यावर परत सुरू झाला, आम्हाला वाटलं पुण्याची धूळ, दुसरं काय. शेवटी चेस्ट फिजिशियनकडे गेलो, त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि पहिलाच प्रश्न, घराजवळ कबुतरं आहेत का? अहो, डक्टमध्ये कबुतरं, एसीच्या युनिटमागे कबुतरं, आईच्या खिडकीवरच्या छज्जावर तर घरटंच आहे, आणि समोरच्या विंगमधले काका गच्चीवर रोज ज्वारी टाकतात.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते, चुकत असेल तर सांगा. श्वासनलिकेला फांद्या फुटत फुटत शेवटी वायुकोश येतात, कोट्यवधी असतात म्हणे, आणि त्यांच्या पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो. दम्यात नळ्या आवळतात. आईचा मुख्य त्रास या भिंतीत आणि अगदी बारीक नळ्यांच्या आसपास आहे, कबुतरांच्या विष्ठेतली-पिसांतली प्रथिनं श्वासातून जातात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते, त्यात सूज येते. म्हणजे हे इन्फेक्शन नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. पीएफटीत, म्हणजे फुंकर मारायच्या तपासणीत, एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडलेली एकूण हवा) अपेक्षेच्या 58 टक्के आलंय पण एफईव्ही१ (त्यातली पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) आणि एफव्हीसीचा रेशो 0.84, म्हणजे हवा बाहेर पडायला अडथळा नाही, फुफ्फुसच कडक झालंय, नवा फुगा फुगवताना जोर लागतो तसं. म्हणून पंपाने काही होत नव्हतं. डीएलसीओ, म्हणजे वायुकोशांतून रक्तात वायू किती नीट जातो ते, 46 टक्के. बसल्यावर ऑक्सिजन 95 असतो आणि कॉरिडॉरमध्ये चालवलं की 87, हे बघूनच माझे हातपाय गळाले.

एचआरसीटीत ग्राउंड ग्लास ओपॅसिटी (धूसर भाग), मोझॅक अटेन्युएशन (फिकट-गडद ठिगळं), एअर ट्रॅपिंग (आत अडकून राहिलेली हवा) असं बरंच आहे, आणि शेवटी एक ओळ, माइल्ड ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टेसिस. सगळ्यात जास्त भीती या ओळीची वाटतेय. हे भरून येतं का? दुसरं म्हणजे प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) सुरू करायचं म्हणतात आणि आईची शुगर बॉर्डरवर आहे. ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) करूया असंही म्हणाले, ती खरंच लागते का? आणि आई सारखी विचारते, त्याच घरात बाबा राहतात, तू राहतेस, मग मलाच का? याला काय उत्तर देऊ?

प्रतिसाद: ताई, माझ्या वडिलांना हेच होतं, निदान व्हायला फार उशीर झाला. सर्वात आधी कबुतरं, बाकी सगळं नंतर. जाळी लावून घ्याच, पण घरटं काढताना आणि विष्ठा खरवडताना आईला घरात ठेवू नका, तिला आधी वाईला पाठवा. विष्ठा पाणी मारून ओली करायची, कोरडी झाडायची नाही, साफ करणाऱ्याने एन-95 लावायचा. आणि पक्षी गेले की लगेच सुटलो असं नाही, ती प्रथिनं पडद्यांत, गाद्यांत महिनोन्महिने राहतात. पिसांची उशी-रजई असेल तर बाहेर काढा. घरात कूलर आहे का? 2017 साली भारतातल्या 1,084 आयएलडी (वायुकोशांच्या भिंतींचे आजार) रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली त्यात जवळपास निम्म्यांना हाच आजार निघाला होता, आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे कूलर होते.

प्रतिसाद: मी रेस्पिरेटरी मेडिसिनला रेसिडेंट आहे, आईंना तपासलेलं नाही त्यामुळे सर्वसाधारणच सांगतो. ग्राउंड ग्लासचा भाग बऱ्याचदा सुजेचा असतो, तो कमी होऊ शकतो. ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टेसिस म्हणजे व्रणाच्या ओढीने रुंद झालेल्या नळ्या, ते परत जात नाही, तिथे ध्येय पुढे वाढू न देणं. वाढत राहिलं तर निंटेडॅनिबसारखी अँटिफायब्रोटिक (व्रण वाढणं मंदावणारी) औषधं आहेत. ब्रॉन्कोस्कोपीत फुफ्फुस धुतलेल्या पाण्यात लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) किती ते बघतात, निदान पक्कं करायला मदत होते, पण प्रत्येकाला लागतेच असं नाही, सीटी आणि कबुतरांचा इतिहास एवढा स्पष्ट असेल तर ती टाळता येईल का हे मोकळेपणाने विचारा. कबुतरांच्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडीची, म्हणजे आयजीजी रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तर फक्त संपर्क झालाय एवढंच कळतं, बाबांचीही येऊ शकेल. मलाच का, तर संपर्क सगळ्यांना असतो पण अशी प्रतिक्रिया थोड्यांच्याच शरीरात होते, त्यात जनुकांचा वाटा आहे, आईंचा काही दोष नाही. स्टेरॉइड चालू असताना शुगर घरी तपासत राहा आणि गोळी मनाने अचानक बंद करू नका. फ्लू आणि न्यूमोकॉकलच्या लसींचं विचारून घ्या.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार, आईला मलाच का वालं उत्तर वाचून दाखवलं. ती उद्या वाईला जातेय, जाळीवाला रविवारी येतोय. आमच्याकडे कूलर आहे आणि तो नेमका तिच्याच खोलीत आहे, तोही काढतेय. समोरच्या काकांशी आज सेक्रेटरींना घेऊन बोलणार आहे, रिपोर्टची झेरॉक्स सोबत नेते. अजून एक, चालताना ऑक्सिजन 90 च्या खाली जातो तर घरी कॉन्सन्ट्रेटर आत्ताच घ्यावा का सहा मिनिटांच्या वॉक टेस्टनंतर ठरवावं? कोथरूड-कर्वेनगर भागात भाड्याने मिळत असेल तर तेही सांगा.