पावसाच्या तोंडावर टायर बदलायचेत, स्वस्तातले घेऊ का?

कराडचा_एमआर
नमस्कार मंडळी. गाडी होंडा युनिकॉर्न बाइक, २०२० चं मॉडेल, वडिलांची होती, दीड वर्षापासून मी एमआरच्या (औषध कंपनीचा प्रतिनिधी) लाइनमध्ये आहे तेव्हापासून माझ्याकडं. कराडवरनं पाटण, कोयनानगर आणि आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, महिन्याला दोन हजार किमी तरी होतात. मागचा टायर पार गोटा झालाय. पुढचा वडिलांनी कधीतरी टाकलेला, नक्षी आहे अजून पण बाजूनं बारीक बारीक चिरा दिसायला लागल्यात.

काल दोन-तीन दुकानं फिरलो. मोठ्या कंपनीची जोडी बसवून चार हजार सांगितले (मागचा २२५०, पुढचा १७५०). दुसऱ्या दुकानात मी नाव पण न ऐकलेल्या कंपनीची जोडी २६०० ला, मागचा १४५० आणि पुढचा ११५०. आणि तिसरा म्हणाला मागं रिमोल्ड (जुन्या टायरवर नवीन रबर चढवलेला) टाक, सातशेत काम होतंय, एवढा पावसाळा तर निघंल.

या महिन्यात बहिणीची अ‍ॅडमिशन आहे त्यामुळं चौदाशे रुपयांचा फरक माझ्यासाठी मोठा आहे, म्हणून विचारतोय. पावसात घाटात हे स्वस्तातले टायर खरंच धरतात का? ज्यांनी स्वतः वापरलेत त्यांनी सांगा प्लीज.

शिराळ्याचा_दूधवाला
भावा मी आठ वर्षं झाली मागं स्वस्तातलेच टाकतोय. स्प्लेंडर आहे, ८०/१००-१८, दोन्ही बाजूला चाळीस-चाळीस लिटरचे कॅन आणि वर मी. अकरा-बारा हजार किमी जातोय एक टायर, मग बदलायचा. डेअरी बारा किलोमीटरवर, रस्ता गावातला, चाळीसच्या वर मी कधी जात नाही. मला तरी कधी त्रास झाला नाही, खोटं कशाला सांगू.

फक्त पहिल्यांदा घेतला तेव्हा बघितलं नव्हतं, तो चार पीआरचा (प्लाय रेटिंग, टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) निघाला. कॅन लादले की गाडी मागनं डुलायची, वाटायचं बुश गेले का काय, मेकॅनिककडं जाऊन दोनशे रुपये घालवले आणि मग कळलं टायरच मऊ आहे. तेव्हापासनं सहा पीआरचाच घेतो.

पण पुढचा मात्र चांगल्या कंपनीचा. आमचे वडील सांगायचे, मागचं चाक सरकलं तर गाडी सावरता येती, पुढचं सरकलं की माणूस खालीच.

सांगलीचा_टायरवाला
बावीस वर्षं टायरचं दुकान आहे, स्वस्त पण विकतो आणि महाग पण, त्यामुळं कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही.

आधी रिमोल्डचं बोलतो कारण ते ऐकून मला राहवलं नाही. ट्रकवाले रिमोल्ड वापरतात, एसटीची तर स्वतःची टायर पुनःस्तरण केंद्रं आहेत, म्हणजे ती पद्धत वाईट नाही. पण ट्रकवाला तो मागं टाकतो आणि मागं एका बाजूला जोडीनं दोन टायर असतात, एकाची पट्टी सुटली तरी दुसरा भार धरतो. मोटरसायकलला जोडीदार कुठं आहे? आणि दुचाकीचा जुना टायर रबर चढवायच्या आधी आतनं कुणी तपासत नाही, खिळे, चिरा, पिचलेला नायलॉन सगळं झाकून वर नवी नक्षी. सातशेच काय, फुकट दिला तरी घाटातल्या गाडीला घालू नका. मी ठेवत नाही दुकानात.

आता नवीन पण स्वस्त टायर. यात सगळे एका माळेचे मणी नाहीत. लुधियानाकडच्या राल्को, मेट्रो या कंपन्या कितीतरी वर्षं टायर बनवतायत, आपण जाहिरात बघितली नाही म्हणजे कंपनी बोगस असं होत नाही. टायरवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५६२७ हा नंबर बघायचा, दुचाकी-तीनचाकीच्या टायरचा तो नंबर आहे, २००९ च्या सरकारी ऑर्डरनं तो शिक्का सक्तीचा केलाय. तो नसेल तर दुकानातनं उठून यायचं. मग साइझ, तुमच्या गाडीला पुढं ८०/१००-१८ आणि मागं १००/९०-१८. साइझच्या पुढं ५६पी असं असतंय, ५६ म्हणजे २२४ किलो वजन आणि पी म्हणजे ताशी १५० पर्यंत. मागं यापेक्षा कमी आकड्याचा देत असतील तर घेऊ नका, आणि कुणी रुंद टायर टाका गाडी भारी दिसंल म्हणालं तरी नको, त्या रिमवर टायरचा आकार बिघडतो आणि वळणावर गाडी जड जाती.

मग फरक कुठं पडतो? रबरात. कमी पैशात जास्त किमी दाखवायचे तर रबर कडक ठेवतात, कोरड्यात चालतं, ओल्यात कडक रबर रस्त्याला चिकटत नाही. आणि काहींचा तर मऊ पण नाही टिकाऊ पण नाही असा प्रकार असतो. माझ्याकडची गिऱ्हाइकं सांगतात त्यावरनं तुमच्या साइझचा स्वस्त टायर बारा-साडेबारा हजार जातो, चांगल्या कंपनीचा बावीसच्या पुढं. तुमचं महिन्याला दोन हजार, म्हणजे १४५० चा सहा महिन्यांत संपला, वर्षात दुसरा घ्यावाच लागणार, झाले २९०० आणि दोनदा फिटिंग. २२५० चा अकरा महिने जातो. दूधवाल्या भाऊंचं रनिंग आणि स्पीड वेगळं, त्यांना परवडतं. तुम्हाला नुसत्या पैशात पण परवडत नाही.

अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरचा जीएसटी २८ वरनं १८ टक्क्यांवर आलाय. १८०० मूळ किमतीचा टायर आधी २३०४ ला पडायचा तो आता २१२४. तुम्हाला जुन्या रेटनं सांगितलं का ते बघा, पक्कं बिल मागा. बिलाशिवाय पुढं फुगवटा आला तर क्लेम पण होत नाही.

खेडची_सिस्टर
मी नर्स आहे, ड्युटीला शाईनवर जाते. दादा तुमची पोस्ट वाचली आणि लिहायचंच ठरवलं.

तीन वर्षांपूर्वी मी पण असाच विचार केला होता, पगार उशिरा झालेला आणि पुढचा टायर बदलायचा होता. एका दुकानात चांगल्या कंपनीचा टायर आठशेला मिळाला, मला वाटलं नशीबच. नक्षी नवीकोरी, अंगावरचे ते रबराचे केस पण तसेच. जूनमधला पहिला मोठा पाऊस पडून गेलेला, हायवेवर पांढऱ्या पट्ट्यांवरून जाताना पुढच्या रिक्षानं ब्रेक मारला म्हणून मी पण दाबला, जोरात पण नाही, आणि हँडल हातातनं निघूनच गेलं. स्पीड तीस-पस्तीस असेल. कॉलर बोन मोडलं, दीड महिना घरी.

नंतर मेकॅनिकनं टायर दाखवला. टायरच्या बाजूला DOT (डॉट) लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. माझा टायर घेतला त्या दिवशीच सहा वर्षांचा होता. नखानं दाबलं तर नख उमटेना, प्लास्टिकसारखा. म्हणजे मी कंपनी बघितली, नक्षी बघितली आणि वय बघितलंच नाही, मला ते आकडे असतात हेच माहीत नव्हतं. दुकानदाराला नक्की माहीत होतं.

तुमच्या पुढच्या टायरला चिरा पडल्यात म्हणता, तो पण बदला. नक्षी आहे म्हणून ठेवू नका हो.

कराडचा_एमआर
सिस्टर ताई, तुमचं वाचून संध्याकाळी टॉर्च घेऊनच दुकानात गेलो. ज्यानं मोठ्या कंपनीचा मागचा २२५० ला सांगितलेला त्यावर १९२१ आहे. म्हणजे २०२१ सालचा एकोणिसावा आठवडा, पाच वर्षं झाली! आणि त्या स्वस्तवाल्यावर ०८२६, आयएसआय आहे, १५६२७ आहे, ५६पी पण आहे. रिमोल्डचा विषय डोक्यातनं काढून टाकला.

आता सांगा काय करू, ताजा स्वस्त का शिळा महागडा?

सांगलीचा_टायरवाला
या दोघांतच निवडायचं तर मागं ताजा स्वस्त. पाच वर्षं दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळे काढलेला टायर नव्याच्या भावात का घ्यायचा? पण दोघांतच निवडायची काय सक्ती आहे, कराडात अजून दुकानं आहेत, नाहीतर सातारा आहे. फोन करून आधी तो चार आकडी कोड विचारा, जो सांगायला कचरतो तिथं जाऊच नका. सहा महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम, वर्षापर्यंत चालतो. पुढचा मात्र ताजा आणि चांगलाच.

पॉलिटेक्निकचे_सर
टायरवाल्या काकांचं बाकी सगळं पटलं, पण मागं स्वस्त चालेल हे या गाडीला आणि या रस्त्याला पटत नाही. युनिकॉर्नला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) आहे तो सिंगल चॅनल, फक्त पुढच्या चाकाला. मागं साधा ड्रम, तो दाबला की चाक लॉक होतं. कुंभार्ली उतरताना आपण गिअर कमी करतो, इंजिनचा ब्रेक सगळा मागच्या चाकावर येतो, त्यात ओला रस्ता, कडेला माती वाहून आलेली, आणि टायर कडक रबराचा. तिथं एखाद्यानं जरा घाईत दुसऱ्यावरनं पहिला गिअर टाकला तरी मागचं चाक घसटत बाजूला जातं. गावातल्या सपाट रस्त्यावर दूधवाले भाऊ सावरतील, घाटात एका बाजूला दरी आणि समोरनं ट्रेलर, सावरायला जागा कुठं असते?

आणि एबीएसवर पण फार विसंबू नका. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, टायरमध्ये पकड नसेल तर तो ती आणणार कुठून. कोयनेत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तुमच्या नोकरीचे चार महिने त्या पाण्यातनं जाणार आहेत, त्या चार महिन्यांच्या हिशोबानं टायर घ्या.

नियमानं दुचाकीला नक्षी ०.८ मिमी शिल्लक असली तरी चालते, खाचेत जो उंचवटा असतो तिथवर घासला की संपला. पण पावसाळ्यात तिथवर वाट बघायची नाही, पाणी खाचेतनं बाहेर फेकलं गेलं नाही तर टायर पाण्यावर तरंगायला लागतो. हवा पण दर आठवड्याला थंड टायरमध्ये चेक करा, गाडीवर स्टिकर असतो त्याप्रमाणं. पावसात हवा कमी ठेवली की ग्रिप वाढते असं जे सांगतात ते ऐकू नका, खाचा दबून बंद होतात उलट.

सांगलीचा_टायरवाला
सरांचं बरोबर आहे, एबीएस फक्त पुढं आहे हे माझ्या लक्षात नव्हतं आलं. मागचा पण चांगलाच घ्या.

शिराळ्याचा_दूधवाला
मी पण म्हणतो घाटाला नको. माझं आपलं शिवारातलं चाललंय.

कराडचा_एमआर
मंडळी, झालं एकदाचं. नऊ ठिकाणी फोन केले, चार जणांनी कोड सांगायला नकार दिला. शेवटी साताऱ्यात दोन्ही टायर एकाच कंपनीचे मिळाले, दोन्हीवर १४२६, पक्क्या बिलावर फिटिंग धरून ३८२०. निम्मे आत्ता दिले, निम्मे पुढच्या पगाराला, वडिलांच्या ओळखीचे निघाले दुकानदार म्हणून जमलं. व्हॉल्व्ह पण नवीन टाकून घेतले. बाण बघून बसवा म्हणलं तर तो पोरगा माझ्याकडं बघायला लागला, पुढचा खरंच उलटा धरला होता त्यानं! काढून परत बसवला. पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी घेतला, हवा मारल्यावर टक टक आवाज येऊन रिमला बसले दोन्ही.

नवीन टायरवर साच्यातला निसरडेपणा असतो, पहिले शे-दीडशे किमी जपून चालवा असं दुकानदार म्हणाले, म्हणून आज घाटाखालच्या पोफळीपर्यंत तीस-चाळीसनंच उतरलो. पाऊस नव्हता पण वळणाला गाडी आधी जी आत पडल्यासारखी व्हायची ते एकदम गेलं, मला वाटायचं तो माझ्या चालवण्यातला दोष आहे. काढलेला मागचा टायर हातात घेतला तर एका जागी आतला दोरा दिसत होता. त्यावरनं मी गेल्या बुधवारी चिपळूणला जाऊन आलो होतो.

सिस्टर ताई, तुमचा खांदा कसा आहे आता?

खेडची_सिस्टर
बरा आहे दादा. हात पूर्ण वर जातो, फक्त दोरीवर ओल्या चादरी टाकताना अजून ओढ बसते. बिल आणि कोडचा फोटो काढून ठेवलात ना?

कराडचा_एमआर
हो ताई, दोन्हीचा काढलाय.